खेळायला कुणी अडवलंय? मग समलिंगी खेळाडूंना वेगळा फुटबॉल क्लब कशाला लागतो?

फुटबॉलचा हिशोब साधा आहे. अकरा इकडं, अकरा तिकडं, मधे एक बॉल. खेळणारा कुणावर प्रेम करतो याच्याशी बॉलला काही देणंघेणं नसतं. त्यामुळं परदेशात समलिंगी, म्हणजे गे खेळाडूंचा फुटबॉल क्लब आहे असं वाचलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, "वेगळा क्लब कशाला? खेळा की सगळ्यांबरोबर. अडवलंय कुणी?"

प्रश्न चुकीचा नाही. गेटवर खरंच कुणी अडवत नाही. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावात संध्याकाळी पोरं मैदानावर जमली तर कुणी कुणाची चौकशी करत बसत नाही. पण एखाद्याचा नेम चुकला की बाजूनं आरोळी येते, "ए बायल्या, नीट मार की!" बोलणारा दोन मिनिटांत विसरून जातो. ऐकणाऱ्यांत मात्र एखादा असा असू शकतो की ज्याला तो शब्द घरी गेल्यावरही सोडत नाही. शब्द त्याला उद्देशून नव्हता, तरी लागला त्यालाच.

जगभरात असे क्लब का निघाले, ते कसे चालतात आणि शिरूर कासारसारख्या ठिकाणी त्यातलं काय कामाला येईल, हे समजून घेऊ.

असा क्लब असतो तरी कसा?

यात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते लंडनच्या स्टोनवॉल एफसीचं. हा क्लब १९९१ मध्ये सुरू झाला आणि ब्रिटनमधला पहिला गे फुटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो. अॅस्ली पिटर हा त्याच्या सुरुवातीच्या खेळाडूंपैकी एक. आधीच्या क्लबमध्ये तो समलिंगी असल्याचं कळलं आणि त्याला वरच्या टीममधून खालच्या टीममध्ये टाकलं गेलं. खेळ तोच, पाय तेच. बदललं होतं ते लोकांचं बघणं. याच पिटरला २०११ मध्ये एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

असे क्लब हौशी असतात. आठवडाभर नोकरी-धंदा, सुट्टीच्या दिवशी मॅच. त्यांच्याबद्दल तीन गैरसमज मात्र पक्के असतात.

पहिला, तिथं फक्त गे लोकांनाच घेतात. बहुतेक क्लबांत तसं नसतं. म्हणूनच ते स्वतःला 'सर्वसमावेशक' म्हणवतात. ज्याला खेळायचंय आणि जो कुणाला हिणवणार नाही, तो चालतो.

दुसरा, ते आपापसातच खेळतात. स्टोनवॉल एफसी इंग्लंडच्या नेहमीच्या हौशी लीगमध्ये उतरतो. समोरची टीम कुठल्याही पेठेची, कुठल्याही कारखान्याची असू शकते.

तिसरा, तिथं खेळ सौम्य असतो. फाऊल तो फाऊलच आणि हरलं की हरलंच.

अशा क्लबांच्या पाठीमागं मोठी परंपराही आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये डेकॅथलॉनमध्ये सहावा आलेला अमेरिकन खेळाडू डॉ. टॉम वॉडेल यानं १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'गे गेम्स' सुरू केले. भाग घ्यायला समलिंगी असण्याची अट नाही आणि ठरावीक वेळेत धावून पात्र व्हायचीही अट नाही. २०२३ मध्ये हे खेळ हाँगकाँग आणि मेक्सिकोतलं ग्वादलाहारा अशा दोन शहरांत झाले. आशियात ते पहिल्यांदाच आले होते.

जस्टिन फॅशनूचं काय झालं?

वेगळ्या क्लबची गरज का पडली, याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं.

जस्टिन फॅशनू हा इंग्लंडचा स्ट्रायकर. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबनं त्याला दहा लाख पौंड मोजून घेतलं. एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश फुटबॉलपटू. पुढं तो समलिंगी असल्याची कुणकुण लागली आणि मॅनेजरशी त्याचं बिनसलं. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यानं वर्तमानपत्रातून हे जाहीर करून टाकलं. त्यानंतर प्रेक्षकांच्या शिव्या तर होत्याच, सख्ख्या भावानंही जाहीरपणे त्याच्यापासून हात झटकले. मे १९९८ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, फॅशनूनं आयुष्य संपवलं.

त्यानंतर ब्रिटनच्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये खेळत असताना "मी गे आहे" असं सांगणारा पुढचा खेळाडू यायला मे २०२२ उजाडलं. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स तेव्हा १७ वर्षांचा होता. दोघांच्या मधे ३१ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत शेकडो क्लबांमधून हजारो खेळाडू खेळून गेले आणि त्यांत समलिंगी कुणीच नव्हतं, असं समजणं अवघड आहे. सांगायची किंमत काय असते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

मैदानात एकत्र, चहा मात्र बाहेर

"खेळायला कुणी अडवलंय?" हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात तो वेगळ्या रूपात उभा होता.

पळवणकर बाळू हे त्या काळातले भारतातले नावाजलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात क्रिकेट क्लबवर मैदान राखण्याच्या नोकरीपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांची गोलंदाजी इतकी चांगली होती की हिंदूंच्या टीमला त्यांच्याशिवाय जिंकणं कठीण झालं. टीममध्ये घ्यावं लागलं. एकाच बॉलला सगळ्यांचे हात लागू लागले. पण चहाची वेळ झाली की बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून जास्त बळी घेणाऱ्या या खेळाडूला हिंदू टीमचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते मिळालं, १९२३ मध्ये.

जात आणि लैंगिकता या दोन गोष्टी एक नाहीत. जात गावाला आधीच माहीत असते, लैंगिकता लपवता येते. जातीचा त्रास पिढ्यान्‌पिढ्यांचा आणि अख्ख्या घराला असतो. समलिंगी मुलगा बऱ्याचदा स्वतःच्या घरातच एकटा असतो. पण बाळूंच्या गोष्टीतून एक मुद्दा लख्ख दिसतो. खेळातली वगळणूक प्रत्यक्ष खेळ चालू असताना दिसेलच असं नाही. ती दिसते आधी आणि नंतर. चहाच्या वेळी, कपडे बदलताना, गाडीतून मॅचला जाताना, जिंकल्यावर पार्टीला कुणाला हाक मारली यात.

समलिंगी खेळाडूचंही तसंच होतं. नव्वद मिनिटं त्याला काही अडचण नसते. त्यानंतर सुरू होतं, "तुझी कोण रे? फोटो दाखव की." मग तो एक खोटी मैत्रीण तयार करतो. तिचं नाव, तिचं कॉलेज, तिचं भांडण. पुढच्या आठवड्यात हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. काही महिन्यांनी तो मैदानावर यायचाच बंद होतो आणि बाकीचे म्हणतात, "त्याला खेळात इंटरेस्टच नव्हता."

वेगळा क्लब म्हणजे फूट पाडणं का?

कोल्हापूरचं फुटबॉल बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. प्रत्येकाची आपली पेठ, आपला रंग, आपले समर्थक. ही पोरं आपापल्या तालमीकडून खेळतात म्हणून कोल्हापूरचे तुकडे झाले, असं कुणी म्हणत नाही. उलट राजर्षी शाहू स्टेडियमवर समोरासमोर येण्यासाठीच वेगवेगळ्या टीम लागतात. आपल्या लोकांत तयार व्हायचं आणि मग सगळ्यांशी खेळायचं, हाच क्लब या गोष्टीचा अर्थ.

नागपूरचं उदाहरण आणखी जवळचं. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात तुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी 'झोपडपट्टी फुटबॉल' सुरू केलं. पुढं तेच स्लम सॉकर झालं, तिथली पोरं परदेशात होमलेस वर्ल्ड कपला जाऊन खेळली. नागराज मंजुळेंचा २०२२ चा 'झुंड' याच कामावर बेतलेला. त्या पोरांनाही कुठल्या क्लबनं लेखी बंदी घातलेली नव्हती. पण त्यांच्यासाठी कुणी मैदान मोकळं करून ठेवलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

भारतात कायदा काय म्हणतो?

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला की दोन सज्ञान व्यक्तींचे संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. कलम ३७७ चा तेवढा भाग रद्द झाला. १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाच्या प्रकरणात कोर्टानं लग्नाचा हक्क मान्य केला नाही, तो विषय संसदेकडं सोडला. म्हणजे आज समलिंगी असणं गुन्हा नाही, पण जोडीदाराशी लग्नाची कायदेशीर नोंदही नाही.

२०१८ च्या निकालानंतर वर्षभरात, मे २०१९ मध्ये, धावपटू द्युती चंदनं आपल्या गावातल्याच एका मुलीवर आपलं प्रेम असल्याचं जाहीर केलं. असं उघडपणे सांगणारी ती भारतातली पहिली नामवंत खेळाडू. ओडिशातल्या विणकर कुटुंबातली ही मुलगी आशियाई खेळांत दोन रौप्यपदकं जिंकून आली होती. पण तिनं सांगण्याचं कारणही दिलं, जवळच्याच व्यक्तीकडून ब्लॅकमेल होत होतं. देशासाठी पदक आणणाऱ्या मुलीवर ही वेळ आली असेल, तर तालुक्याच्या टीममधल्या पोराची काय गत असेल, याचा अंदाज येतो.

मणिपूरमध्ये या_ऑल या संस्थेनं २०२० मध्ये तृतीयपंथी खेळाडूंची फुटबॉल टीम उभी केली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टातल्या सुनावणीत राज्य सरकारनं पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय द्यायचं मान्य केलं. त्यासोबत त्यांच्या मैदानी चाचणीचे नियम ठरवायचा विषयही आला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तृतीयपंथी असणं म्हणजे आपण स्त्री की पुरुष, याची आतली ओळख जन्माच्या वेळच्या नोंदीपेक्षा वेगळी असणं. समलिंगी असणं म्हणजे आकर्षण कुणाबद्दल वाटतं, हा मुद्दा. गे पुरुष हा पुरुषच असतो. गावाकडं दोन्हींसाठी एकच शिवी वापरतात, म्हणून गोंधळ होतो.

शिरूर कासारला काय वेगळं आहे?

"हे सगळं शहरातलं फॅड, आमच्याकडं असलं काही नसतं." हे वाक्य ग्रामीण भागात सर्रास ऐकू येतं. त्याला उत्तर बीड जिल्ह्यानंच दिलंय. माजलगाव इथं नेमणुकीला असलेल्या पोलीस दलातल्या एका महिला कॉन्स्टेबलनं २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. प्रकरण मुंबईपर्यंत गेलं. शेवटी परवानगी मिळाली, २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ती व्यक्ती पुरुष कॉन्स्टेबल म्हणून पुन्हा कामावर रुजू झाली. हे प्रकरण समलैंगिकतेचं नव्हतं. पण असे प्रश्न फक्त मुंबई-पुण्यात असतात, हा समज त्यानं मोडला.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावाची पार्श्वभूमी असलेला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी सिनेमा जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार जिंकून आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा, गावातला त्याचा जुना मित्र आणि दोघांच्या मागं लागलेला लग्नाचा प्रश्न, अशी त्याची गोष्ट.

लग्नाचा हा प्रश्न बीडमध्ये आणखी टोकदार होतो, त्याचं कारण ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडं निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस हा अर्धा कोयता. त्यामुळं लग्न ही इथं कमाईचीही बाब असते, आणि लहान वयातल्या लग्नांमागचं ते एक कारण मानलं जातं. अशा घरात एखादा मुलगा "मला मुलीशी लग्न नाही करायचं" म्हणतो, तेव्हा तो घराच्या पुढच्या हंगामाच्या पैशांवरच बोलत असतो. मग तो गप्प बसतो, लग्न करतो आणि काहीच माहीत नसलेल्या एका मुलीचं आयुष्यही त्या गप्प बसण्यात अडकतं.

दुसरा फरक ओळखीचा. पुण्यात एखादा मुलगा कोथरूडला राहतो आणि खराडीला जाऊन खेळतो. तिथं त्याला कुणी ओळखत नाही. शिरूर कासारला मैदानाच्या कठड्यावर बसलेला माणूस वडिलांच्या ओळखीचा असतो, चहावाला मामाच्या गावचा असतो. संध्याकाळी मैदानावर काय झालं ते अंधार पडायच्या आत घरी पोचलेलं असतं.

आणि तिसरा फरक, बाहेर पडायच्या वाटेचा. इथल्या कित्येक पोरांसाठी मैदान म्हणजे पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी. पहाटे धावायचं, गोळा फेकायचा, पुन्हा धावायचं. टोमण्यांमुळं मैदान सुटलं तर खेळ जातोच, त्यासोबत नोकरीची आशाही जाते.

मग तिथं 'गे क्लब' काढावा का?

लंडनसारखा बोर्ड लावून काढला तर बहुधा उलटंच होईल. ज्याच्या दारावर 'गे' असं लिहिलंय त्या क्लबमध्ये पाऊल टाकणं म्हणजे अख्ख्या तालुक्याला सांगून टाकणं. ज्याच्यासाठी क्लब काढला, तोच पोरगा रस्ता बदलून जाईल.

पण त्या क्लबांमधली दुसरी गोष्ट इथं जशीच्या तशी लागू पडते. तिथं सगळ्यांना घेतात आणि कुणालाही विचारत नाहीत. वीस जणांच्या टीममध्ये कोण समलिंगी आहे, हे कुणालाच माहीत असायची गरज नाही. त्या एकाला मात्र एवढी खात्री हवी की उद्या कळलंच, तरी आपली जागा जाणार नाही. 'सर्वसमावेशक' हा शब्द शहरात गोड वाटतो. तालुक्याच्या गावात तो त्या पोराचं संरक्षण असतो, कारण गर्दीत कुणी एकटा उठून दिसत नाही.

असा क्लब काढायला परदेशी पैसा लागत नाही. बॉल, मैदान आणि चार नियम लागतात.

पहिला, मैदानावर 'बायल्या', 'छक्का' हे शब्द चालणार नाहीत. रेफ्रीला शिवी दिली की कार्ड मिळतं, तसंच यालाही. आणि हा नियम आधी कोचनं पाळायचा.

दुसरा, लग्न, मैत्रीण, मित्र यावरून कुणाला छेडायचं नाही. स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं, आणि ते ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

तिसरा, कुणाचे फोटो, चॅट, स्क्रीनशॉट पसरवले तर थेट टीमबाहेर. त्यावरून धमकावून पैसे मागितले तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा आहे. हे प्रत्येक खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगायचं, कारण बरेच जण गुन्हा आपलाच आहे असं समजून पैसे देत राहतात.

चौथा, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मोठ्यांची जबाबदारी वेगळी. सराव उघड्यावर, एकापेक्षा जास्त मोठी माणसं हजर आणि कोच कुणाला एकट्याला घेऊन जाणार नाही. "असल्या क्लबात पोरं बिघडतील" अशी भीती पालकांना वाटते. लैंगिकता संगतीनं लागत नाही. पण मुलांच्या सुरक्षेची काळजी रास्त आहे आणि ती प्रत्येक क्लबनं घ्यायला हवी, मग तिथं कुणीही खेळो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाईन आहे, आणि मन खचलं असेल तर कुठल्याही वयाच्या माणसाला टेली-मानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.

याचा फायदा फक्त समलिंगी पोरांना होईल असंही नाही. 'बायल्या' ही शिवी सगळ्यात जास्त कुणाला पडते? जो हळू बोलतो, जो रडतो, जो बारीक आहे, ज्याला मारामारी जमत नाही त्याला. ती शिवी मुलींनाही कमी लेखते, कारण बाईसारखं असणं म्हणजे काहीतरी कमी असणं, हेच तिच्यात गृहीत धरलेलं आहे. ती मैदानावरून गेली तर मुलींची टीम उतरवणंही सोपं होईल.

कायद्यानं आपलं काम बरंचसं केलंय. उरलेलं काम कोर्टात होणार नाही. ते कोच, कॅप्टन आणि कठड्यावर बसून मॅच बघणाऱ्यांच्या हातात आहे. एखादी टीम खरंच सर्वसमावेशक आहे का, हे बघायचं असेल तर स्कोअर बघून कळणार नाही. मॅच संपल्यावर सगळे टपरीवर चहाला जातात, तेव्हा मागं कोण राहिलं, हे बघावं.